अडीच फुटांचा पाया

१८ फेब्रुवारी १९७३
कळमनुरीबाहेर घेतलेल्या प्लॉटवर पाया खोदायला सुरुवात. काळी जमीन, सपाट, देखणी. मुंजाजी गवंडी म्हणतो, मुरूम लागेपर्यंत जावं लागतंय साहेब, सात फूट तरी. स्वतः टिकाव मारून पाहिला. टिकाव उडाला, हात झिणझिणले. दुष्काळानं माती दगड झाली आहे. ही बेअरिंग कपॅसिटी, म्हणजे भार पेलायची ताकद, पाहता अडीच फूट भरपूर. रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर आहे, मला माती शिकवू नये.
सौ. पद्माबाईही म्हणाली, काळी पेरायला असती, राहायला पांढरी. सगळी गावं काय उगीच पांढरीवर वसली काय. अंधश्रद्धा. पायातून वाचलेल्या दगडांत व्हरांडा काढणार.

६ मे
राहायला आलो. लग्नापासून भाड्याच्या खोल्या. पाणी कधी भरायचं तेसुद्धा घरमालकीण ठरवायची. सौ.नं पुढचं दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मी बघत नाही असं दाखवलं. फार बरं वाटलं.

११ जुलै
पाऊस उत्तम. भिंतीलगत खड्डा करून पत्र्यावरचं सगळं पाणी तिथंच जिरवतो. केळी लावल्या. मुंजाजी येऊन बघून गेला, काही बोलला नाही. पटलं असावं.

२ ऑगस्ट
पुढच्या दाराची कडी बसेना. लाकूड फुगलं. जळबा सुताराकडून रंधा मारून घेतला.

९ ऑगस्ट
परत बसेना. परत रंधा. जळबा म्हणतो, दार बराबर हाय, चौकटच तिरपी होऊन राहिली. स्वतःची चूक कबूल करायला माणसाला जड जातं.

१७ ऑगस्ट
दाराच्या वर भिंतीला तिरपी चीर. नुसतं प्लॅस्टर. शास्त्रोक्त उपाय केला: चिरेवर काचेची पट्टी सिमेंटनं आडवी चिकटवली. काच शाबूत तर चीर वाढत नाही. सौ.ला नीट समजावलं. ती ज्वारी निवडत होती.

१९ ऑगस्ट
काच फुटली. हलका माल. जाड आणणे.

२४ ऑगस्ट
जाडही फुटली. सौ.ला म्हणालो, दार आपटत जाऊ नकोस. ती म्हणाली, दार लागतंय कुठं आपटायला.

१२ सप्टेंबर
मधल्या खोलीची फरशी पोटासारखी वर आली. सौ.ला म्हणालो, पाणी आपोआप कडेला जाईल, पुसायला सोपं. हे बोलायला नको होतं.
संध्याकाळी आमचे डेप्युटी इंजिनियर उत्तमराव चहाला. चिरेत बोटं घालून पाहिली. लोकांच्या घरी असं करू नये. पाया किती, विचारलं. पुरेसा, म्हणालो.

२६ नोव्हेंबर
माती वाळली. आज कडी बसली. घर स्थिरावणार हा माझा अंदाज खरा ठरला. उद्या सगळ्या चिरा बुजवणार. सौ.ला कळवलं. हूं म्हणाली.

१८ जानेवारी १९७४
बुजवलेल्या चिरांच्या शेजारी नव्या चिरा. मागचा कोपरा खचला. खाटेवरून फटीतून नांदेडचा रस्ता दिसतो. हवा खेळती आहे. सौ. म्हणते, पुढच्या पावसात ही भीत अंगावर येती, आपण इथं राहायचं न्हाई. भाड्याची खोली बघा. बघू म्हणालो. तिनं बघून ठेवली होती.

८ मार्च
वारंगा फाट्याजवळच्या एका शाळेच्या पायाचं काम माझ्याकडं. हेडमास्तर म्हणाले, माती दगडावाणी हाय, तीन फुटांत भागवा. म्हणालो, मुरूम लागेपर्यंत. काहून, म्हणाले. सांगितलं, ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वरचं घर खालीवर करते. कुठं वाचलं, विचारलं. एका पुस्तकात, म्हणालो.

१० मार्च
गावात मिराबाईंच्या भाड्याच्या खोलीत सामान हलवलं. ट्रंक मी उचलली, भांडी सौ.नं. अर्ध्या वाटेवर थांबलो, दम लागला होता. सौ.ला वाईट वाटत असणार, मलाही वाटत होतं. काहीतरी बोलावं म्हणून खोली कशी आहे, विचारलं. ती म्हणाली, बारकी हाय. मग तिनं विचारलं, तुमी तर बांधली न्हाई ना.
नाही म्हणालो. मग ती जरा भरभर चालायला लागली.