मागच्या फळीचं गुरुवारचं जेवण

गुरुवार, १७ ऑक्टोबर

ताटं नऊ मांडली, जेवायला आले सहा! ऑगस्टमध्ये आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाची ही पोरं, समोरच्यांचे पास अडवणारी मागची फळी, याच टेबलाभोवती दाटीवाटीनं बसायची, दोघं तर ओट्यावर चढून जेवायची. आता कुणाचा खांदा दुखावलाय, कुणाची पोटरी. डेमेट्रिक कुबड्या घेऊन आला आणि पहिला खुर्चीत बसला. म्हणे, "मिस वर्लीन, गुडघा गेलाय, भूक नाही गेली." त्याला चॉप दोन वाढले.

पोरं गेल्यावर होझिया, माझा नवरा आणि या फळीचा कोच, टेबल पुसू देईना. मीठदाणी म्हणजे एक सेफ्टी, सगळ्यात मागे उभा राहणारा, मिरपूड दुसरा. तिखट सॉसच्या बाटल्या दोन कडांना, ते कॉर्नर. पाचवा कोण? त्यानं लिंबू ठेवलं.

"लिंबू कोण?"

"तेच तर शोधतोय."

त्याच्या सगळ्या रचनेला पाच जण लागतात. सगळ्यात मागे दोघं, त्यांच्यापुढे तिघं. धड उभे राहतील असे चारच उरलेत. म्हणजे लिंबूटिंबूवर वेळ आली.

शनिवार, १९ ऑक्टोबर

हरलो. नुसते नाही, धुतले गेलो. डोक्यावरून पास, डोक्यावरून पास. माझ्या मागे बसलेली बाई ओरडत होती, "मागच्या फळीचा कोच झोपलाय का?" मी मागे वळून म्हटलं, "नाही हो, रात्रभर जागाच होता, मी बाजूलाच होते."

सोमवार, २१ ऑक्टोबर

मोठ्या कोचनी, म्हणजे स्टॉलवर्थनी, सगळ्यांना बोलावून सांगितलं – शेवटच्या सामन्यात ऑक्सबोच्या संघाला हरवलं नाही, तर सगळ्या कोचांना नारळ. होझियानं घरी येऊन हे सांगितलं, ते फ्रिजमध्ये तोंड घालून. माझ्याकडे बघून सांगायची हिंमत नाही.

मला इथून हलायचं नाही. इथे तरी लिहूनच ठेवते. सात गावं झाली. दर वेळी हा घरी येतो, टोपी काढतो आणि म्हणतो, "वर्लीन, नव्या नोकरीला हो म्हणून आलोय." मग मी ते गाव नकाशात शोधायचं. एकदा तर मोंटगोमेरीत पडद्यांचे काठ शिवत होते, तेव्हा कळलं की पडदे आता अर्कान्सासच्या खिडक्यांना लावायचेत! या गावात मला चर्चच्या गाण्यात पुढची जागा मिळाली आहे. शेजारची बाई न विचारता टोमॅटो आणून देते. पन्नाशीत पुन्हा कुठे नव्यानं ओळखी करत फिरू?

गुरुवार, २४ ऑक्टोबर

लिंबू सापडलं! टव्हारिस गिल्यार्ड. कालपर्यंत पुढच्या फळीत पास झेलायचा, आज मागच्या फळीत. बारीक, लांब हातांचा, अतिशय नम्र. प्रत्येक घासाला "थँक यू, मॅम." क्विन्सी – तोच आमचा मुख्य सेफ्टी, सगळ्यांना हाका मारून जागेवर लावणारा – त्याला म्हणाला, "अरे, आभार नंतर मान. आधी सांग, समोरचा धावत सुटला तर तू काय करशील?"

टव्हारिस म्हणाला, "बॉल कधी येतो ते बघीन."

सगळ्या टेबलानं कपाळावर हात मारला. मागच्या फळीनं आधी समोरचा माणूस धरायचा असतो, बॉल नंतर!

शनिवार, २६ ऑक्टोबर

पुन्हा हरलो, पण थोडक्यात. आणि कारण कळलं! समोरचे आमच्या खुणा वाचतायत. होझिया कडेला उभा राहून हात फिरवतो, डोकं खाजवतो, कोपर ठोकतो, आणि त्यांचा एक माणूस दुर्बीण लावून सगळं टिपून घेतो. मी म्हटलं, "इतकी वर्षं लग्न करून मला तुझी एक खूण कळली नाही आणि त्यांना दोन तासांत कळल्या!" हसला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते. क्विन्सीनं भेंडी मागितली. भेंडीचं भांडं दोघांच्या हातांतून मागे मागे सरकत शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं. क्विन्सी एकदम ओरडला, "कोच! भेंडी म्हणजे दोघं मागे!" मग काय, एकेक जण बोलायला लागला. कॉर्नब्रेड म्हणजे ज्यानं त्यानं आपापला माणूस धरायचा. मॅकरोनी म्हणजे सगळ्यांनी घुसायचं. कडेला उभं राहून खुणा करायच्याच नाहीत, मैदानात क्विन्सीनं ओरडायचं. आणि दर गुरुवारी माझा स्वयंपाक बदलला की आठवड्याचे शब्दही बदलायचे! दुर्बीणवाल्यानं बसावं डोकं खाजवत.

होझियाला वाटलं हा पोरखेळ आहे. मी म्हटलं, "मग असू दे. पोरंच खेळतायत ना?"

शनिवार, ९ नोव्हेंबर

लागोपाठ दुसरा विजय!!! आज शब्द होते कॅटफिश, रताळं आणि बटर बीन्स. क्विन्सी "रताळं! रताळं!" ओरडला की समोरचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, आपल्या कोचकडे बघून हात पसरायचा. मी इतकी हसले की चर्चच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. टव्हारिस दोनदा चुकीच्या बाजूला धावला, पण निदान जोरात धावला.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

या शनिवारी सामना नाही. तरी सगळे जेवायला हजर.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

परवा ऑक्सबो. स्वस्थ बसवेना, म्हणून जास्तच रांधलं. भरलेलं बदक, कोलार्डची पालेभाजी, भात, शेवटी बनाना पुडिंग. पुडिंगला सगळ्यात मोठा मान – अगदी शेवटच्या क्षणी, गोलरेषेपाशी सगळ्यांनी मागे धावायचं, तेव्हाच तो शब्द. ठरवलं होझियानंच. आता तोच सगळ्यात जास्त रमतो यात.

टव्हारिस उशिरा आला. रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं. तोवर पुडिंगचं भांडं चाटूनपुसून लख्ख, टेबलावरून उचललेलंसुद्धा! मला इतकं वाईट वाटलं. क्विन्सीनं त्याला टेबलावरचं एकेक भांडं दाखवत सगळे शब्द पाठ करून घेतले. पोरगं बिचारं कोलार्ड खात मान डोलवत होतं. जाताना म्हणाला, "थँक यू, मॅम. सगळं आलं मला."

होझिया आज जेवला नाही. मी पण नाही.

शनिवार, २३ नोव्हेंबर

घसा बसलाय. लिहिता येतंय, बोलता येत नाही!!

शेवटचं मिनिट. आम्ही तीन गुणांनी पुढे, आणि ऑक्सबो आमच्या गोलरेषेच्या तोंडाशी. माझ्या शेजारी डेमेट्रिक, कुबडी उलटी धरून देवाचं नाव घेतोय. ऑक्सबोची पोरं रांगेत उभी राहिली, आणि क्विन्सी ओरडला, "पुडिंग! पुडिंग!"

चौघं वळले आणि जीव घेऊन मागे पळाले. टव्हारिस जागच्या जागी उभा! डावीकडे बघतोय, उजवीकडे बघतोय. क्विन्सी ओरडतोय, कडेला होझियानं टोपी जमिनीवर आपटली, मी डोळे झाकले आणि बोटांतून बघितलं. त्यांच्या क्वार्टरबॅकला वाटलं की सगळे मागे गेलेत, मधली जागा मोकळी. त्यानं बेधडक तिथे फेकला. आणि तिथे टव्हारिस. बॉल थेट छातीवर. पास झेलणाऱ्याचे हात ते, सोडतात कसले! कवटाळला आणि खाली बसला. पळालासुद्धा नाही. बसला!

बॉल आमचा, सामना आमचा! आमचा बँड नुसता वेडा झाला. मी एका अनोळखी म्हाताऱ्या गृहस्थांना मिठी मारली, त्यांनी मला उचललं.

नंतर मैदानात होझियानं त्याला विचारलं, "मागे का नाही गेलास?"

"कोच, पुडिंग म्हणजे काय ते मला माहीतच नाही. मी आलो तेव्हा संपलं होतं."

होझिया गवतावर बसून हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी त्याला असं हसताना लग्नाच्या दिवशी पाहिलं होतं, त्यानंतर आजच.

रविवार, २४ नोव्हेंबर

पेपरवाल्यांनी लिहिलंय – एका खेळाडूला मुद्दाम जागेवर ठेवून बाकीच्यांना मागे पळवण्याची अफलातून चाल! हंगामातला सगळ्यात धूर्त डाव! मी वाचून दाखवलं. होझिया म्हणाला, "गप्प बस आणि पुन्हा वाच."

चर्चमधून आल्यावर मोठं पातेलंभर पुडिंग केलं. टव्हारिसला एकट्याला. त्यानं चमचा घातला, डोळे मिटले, आणि पहिल्यांदाच थँक यू म्हणायला विसरला.

स्टॉलवर्थचा निरोप आला. सगळ्या कोचांची नोकरी पक्की. आता झोपेन.

सोमवार, २५ नोव्हेंबर

सकाळी टेक्ससमधल्या एका मोठ्या विद्यापीठाचा फोन. अख्ख्या बचावाचा कोच हवाय, आणि तो 'पुडिंगचा डाव' त्यांना आपल्याकडे बसवायचाय. होझियानं नीट ऐकून घेतलं. मग फोनवर हात ठेवला, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "वर्लीन, काय सांगू?"

सात गावांत हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही सांग."

त्यानं हात काढला आणि नाही सांगितलं.