झोहरासाठी रस्सा

बेस्ट, नेदरलँड्स
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

प्रिय अक्का,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला तेल लावतेस ना नेमानं? इथे आम्ही तिघं ठीक. अनिमेष आणि संहिताची ऑफिसं, माझं घर. पाचलाच अंधार पडतो हल्ली.

एक गोष्ट आधीच सांगते. आज मी मटण शिजवतेय. मीच, माझ्या हातांनी.

शेजारची झोहरा तुला माझ्या पत्रांतून माहीत आहे. मोरोक्कोची, माझ्याहून सात वर्षांनी मोठी, चाळीस वर्षं इथे राहूनही लायब्ररीतल्या डचच्या वर्गात माझ्याच बाकावर बसणारी. ऑक्टोबरात ती घरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. सहा आठवड्यांनी काल हॉस्पिटलातून सुटली, सध्या मुलीकडेच राहतेय. आज सहा वाजता ती मुलगी, नादिया, तिला आमच्याकडे जेवायला आणणार आहे. आईला काय आवडतं, असं मी विचारलं तर म्हणाली, "आलुबुखारा घातलेला कोकराचा रस्सा. पण तुम्ही तर खात नाही ना?" मी म्हटलं, तू कृती सांग.

खाटकाने तुकडे करून दिले होते. आधी चिमट्याने उचलत होते, पण किसलेला कांदा, सुंठ, हळद चोळायची तर हात घालावाच लागतो. घातला. मग दालचिनी, केशर, कोथिंबिरीची जुडी, आणि मंद आचेवर तीन तास. वास मसालेभातासारखा येतोय, मध्येच वेगळा होतो. सूनबाई आज उशिरा येणार, म्हणून मीठ चाखायला अनिमेषला घरूनच काम करायला लावलंय. दोनदा चाखून झालं त्याचं. "आई, बस ना जरा," म्हणतो. बसवत नाही. दर पाच मिनिटांनी झाकण काढून बघते.

आता पुन्हा उठून आले. बदाम भाजले. गरज नव्हती अजून.

अक्का, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, झोहरा पडली तेव्हा कुणालाच कळलं नाही. ते अर्धंच लिहिलं. ती रोज सकाळी यायची, दोन-दोन तास बसायची. मला तिची सवय झाली होती आणि कंटाळाही. त्या दिवशी अनिमेषशी माझं वाजलं होतं. मी म्हणत होते, मला परत जायचंय; तो म्हणत होता, तिथे एकटी कशी राहशील? तो ऑफिसला गेला आणि बेल वाजली. झोहराच असणार. मी सोफ्यावर पाय वर घेऊन गप्प बसले. पुन्हा वाजली. मग काठीचा आवाज लांब गेला.

तिला सकाळपासून गरगरत होतं, ते सांगायला आली होती. घरी जाऊन स्वयंपाकघरात पडली. तीन वाजता नादिया आली तोवर तशीच फरशीवर होती. नादियाला वाटतं, मी बाहेर गेले होते. मी तिला तसं वाटू दिलं. दोनदा भेटायला गेले, झोहरा फारसं बोलली नाही. मी ते औषधांवर ढकललं.

अनिमेष हाक मारतोय, रस्सा आटलाय म्हणून.

संध्याकाळ, पावणेआठ

गेल्या दोघी. रस्सा लागला नव्हता, पाणी घातलं. झोहरा वॉकर घेऊन आली, निम्मी झालीय. पावाने खाल्लं, हाड चोखलं. नादिया गाडी दाराशी आणायला गेली आणि अनिमेष तिच्याबरोबर गेला, तेवढ्यात मी माझ्या मोडक्या डचमध्ये म्हटलं, "त्या दिवशी मी घरी होते."

ती म्हणाली, "माहीत आहे. तुझ्या कुकरची शिट्टी झाली."

मी तिच्यापुढची ताटली उचलली. मग विचारलं, "नादियाला का नाही सांगितलंस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. दोनदा आलीस आणि हवेबद्दल बोलून गेलीस."

मी माफी मागितली. तिने बोटं पुसली, बराच वेळ पुसत राहिली. "आज नाही," म्हणाली. "फरशी फार थंड होती, कुमुदिनी." मग उठायला हात पुढे केला. मी धरला, दारापर्यंत नेलं. नादिया परत आली तेव्हा तिलाही सांगितलं. तिचा चेहरा उतरला. तिने आईला गाडीत बसवलं. अनिमेष तिथेच उभा होता. त्यालाही आजच कळलं.

भांडी पडली आहेत. मी इथून जाण्याबद्दल तुला विचारणार होते, ते आता विचारत नाही. ती चालायला लागेपर्यंत तरी हलत नाही मी.

तू रागावलीस तर तसं लिही. फक्त ‘असू दे, होतं असं’ एवढं लिहू नकोस.

तुझी,
कुमुदिनी