मालकाने कढई धरू नये

हामामात्सु, जपान
१८ नोव्हेंबर २०१८

आदरणीय दाज्यू,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वहिनींनाही नमस्कार. इकडे आम्ही दोघं नवराबायको, मी आणि सुनमाया, मजेत आहोत. तिहारचा दिव्यांचा सण सरला. सुनमायाने सेलरोट्या केल्या, निम्म्या तेलात फुटल्या, पण आम्ही एकही टाकली नाही. फोन असताना पत्र कशाला, असं वहिनी विचारतील. त्यांना सांगा, फोनवर दाज्यू "बरं, बरं, ठेव आता, पैसे जातात" म्हणतात आणि माझं निम्मं बोलणं घशातच राहतं. आपल्या गावचा पूर्ण गलकोटला घरी निघालाच होता, म्हणून त्याच्या हाती हे पत्र देतोय. सोबत वहिनींना स्वेटर आणि तुमच्या गुडघ्यांना लावायला तेल आहे.

आता मोठी बातमी. दाज्यू, मला मालकाचा व्हिसा मिळाला! आजवरचा माझा व्हिसा आचाऱ्याचा. शेठने काढलं की गाशा गुंडाळून घरी. आता दुकान माझं, पाटी माझी, आणि हे सरकार मला 'भांडवल घालून धंदा करणारा' म्हणतं. मी! सुनमाया दोन दिवस मला "या भांडवलदार, भांडी घासा" म्हणत होती.

खरं सांगू का, यात माझं कर्तृत्व थोडं आणि लोकांचे उपकार फार. भांडवल उभं राहिलं ते गलकोटच्या आचाऱ्यांच्या भिशीतून. नंबर माझा नव्हता, तरी सगळ्यांनी "याला आधी द्या" म्हटलं. जागेसाठी वणवण फिरलो. परदेशी माणूस दिसला की घरमालकांना एकदम आठवायचं, जागा कालच गेली. शेवटी ओनो आजी भेटल्या. त्यांचं नवऱ्याच्या वेळचं शेवयांचं दुकान बंद पडून होतं. त्यांनी मला एकच विचारलं, "तुझा नान मोठा असतो का रे?" मी हाताने दाखवला. लगेच किल्ली दिली! आपल्या गलकोटात नान कोण खातो हो, पण इथे उशीच्या अभ्र्याएवढा नसेल तर लोक रुसतात. अशी माणसं भेटली, दाज्यू. रोज देवापुढे सगळ्यांची नावं घेतो.

व्हिसाचे कागद सुगिउरासान नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी केले. फार कडक माणूस. दुकानाचा नकाशा, पाटीचा फोटो, सगळं तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि स्वयंपाक कोण करणार?"

"म्हणजे काय? मीच!"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दिलमानसान, मग तुम्ही आचारीच राहिलात. हा व्हिसा मालकाचा आहे. मालकाने धंदा बघायचा, कढई धरायची नाही. आचारी वेगळा दाखवा, नाहीतर अर्ज परत येईल."

"अहो, पण मला दुसरं येतं काय?"

"शिका," म्हणाले.

तर असा मी मालक झालो. इस्त्रीचा शर्ट घालून गल्ल्यावर उभा राहतो. जुन्या भट्टराई शेठनी त्यांचा आचारी धनराज मार्चपर्यंत दिलाय, तेही उपकारच. पोरगा गुणी आहे, पण जिरं करपवतो. मला बाहेर वास येतो. परवा राहवलं नाही, आत गेलो आणि झारा हातात घेतला. तर हा म्हणतो, "शेठ, बाहेर व्हा! तुमच्या व्हिसाला फोडणी बसेल." सगळे हसले. मीही हसलो, आणि मग मागच्या दाराशी जाऊन थोडा रडलो. सुनमायाला सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.

मार्चनंतर धनराज जाणार. तोवर दुसरा पक्का आचारी मिळाला नाही तर दुकान बंद, आणि दुकान बंद म्हणजे व्हिसाही गेला. दोन-तीन जण बघितले. सुगिउरासान म्हणतात, दहा वर्षांच्या अनुभवाचा दाखला असलेला माणूस आणा. असे लोक असतील पुष्कळ. मी बघतोय.

नाही, दाज्यू. कुणाला बघत नाहीये मी. एकच नाव डोक्यात आहे आणि ते लिहायला चार दिवस हात धजावत नव्हता.

तुम्ही याल का?

मागच्या दसैंच्या सणाला तुम्ही सगळ्यांदेखत काय म्हणालात ते मी विसरलेलो नाही. वरच्या आळीतला थोरला ओसाकाला धाकट्याकडे कामाला गेला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "थोरल्याने धाकट्याकडून पगार घ्यायचा? तो घास घशाखाली कसा उतरतो?" मी तेव्हा मान खाली घालून भात खात होतो. म्हणून तर फोनवर बोललो नाही.

तुमची हरिचौरची खानावळ चालते, तुमचं काही अडलेलं नाही. अडलंय ते माझं. दिल्लीला आपण दोघं सरदारजींच्या हॉटेलात होतो, तेव्हा जपानहून आचाऱ्याची पहिली मागणी आली ती तुम्हाला. आई अंथरुणाला खिळली होती. तुम्ही सरदारजींना म्हणालात, "माझ्यापेक्षा धाकट्याचा हात चांगला आहे." साफ खोटं बोललात! तेव्हाही माझी डाळ वाढायच्या आधी तुम्ही गुपचूप चाखून सुधारायचात. त्या खोट्यावर मी इथे इतकी वर्षं जेवतोय.

सोबत नोकरीचा करार आहे. त्यात मालक म्हणून माझं नाव आणि खाली आचारी म्हणून तुमचं, हर्कमान छंत्याल. ते छापलेलं बघून मला घामच फुटला. सुगिउरासान म्हणाले, मालकाने आधी सही करायची असते. मी म्हटलं, आमच्या घरात थोरल्याच्या आधी कुणी ताटाला हात लावत नाही, सही कसली करता! तेव्हा माझी जागा कोरी ठेवून पाठवतोय. आधी तुम्ही करा, तिथून आलं की मी करीन.

पगार तुमच्या हातात देण्याचं पाप माझ्याकडून होणार नाही. तो परस्पर वहिनींच्या नावाने गलकोटला जाईल. आत काय शिजायचं, किती शिजायचं, कुणाला ओरडायचं, ते सगळं तुमचं. मला 'शेठ' म्हणालात तर मात्र त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावीन.

नाही म्हणायचं असेल तर कुणाकरवी निरोप धाडू नका, फोन करून मला चार शिव्या द्या. हो म्हणायचं असेल तर काही बोलूच नका. सही करा, आणि सरदारजींकडून अनुभवाचा दाखला आणायला दिल्लीची बस धरा.

तुमचा धाकटा भाऊ,
फक्त कागदापुरता मालक,
दिलमान