धाकटीच्या हातातले ड्रिल मशीन

अण्णा,

ज्याच्या कृपेवाचून जिभेला शब्द फुटत नाही, आणि फुटलाच तर तो खरेपणाने उतरत नाही, त्याला आधी हात जोडते आणि मग तुमच्यापुढे बसते. त्याच्यापुढे बसताना मला कधी भीती वाटली नाही, तुमच्यापुढे वाटायची. तुम्हाला जाऊन तीस वर्षे उलटून गेली. दरवर्षी तुमच्या तिथीला मी पोथी वाचली, नैवेद्य दाखवला, पण तुमच्याशी सरळ असे काही बोलले नाही. आज बोलते आहे ते एका ड्रिल मशीनविषयी. हसू नका. चाळीस वर्षे मुलांना संस्कृत शिकवलेली, देवळात बसून षड्रिपूंवर प्रवचने केलेली तुमची थोरली मुलगी सत्तरी ओलांडल्यावर तुम्हाला सांगते आहे, की तिला तिच्या धाकट्या बहिणीचा हेवा वाटतो. सहा शत्रूंपैकी पाच वयाबरोबर थकले. मत्सर तेवढा अजून ताठ चालतो.

तुम्हाला ती खंडेनवमी आठवते का? पिंपरीच्या कॉलनीतल्या त्या दोन खोल्या. तुम्ही सकाळी कंपनीत टूलरूमची पूजा उरकून आलात, आणि घरच्या पाटावर हत्यारे मांडलीत: पकड, हातोडा, कानस, पंच, आणि मधोमध ते राखाडी, लोखंडी अंगाचे ड्रिल मशीन. तुमच्या साहेबांनी निवृत्त होताना ते तुमच्या हाती दिले होते, आणि तुम्ही ते खणाच्या कापडात गुंडाळून घरी आणले होते. कॉलनीत कोणाला मांडणी ठोकायची असो, कोणाचा पंखा टांगायचा असो, रविवारी तुम्हालाच बोलावणे येई. मी तेव्हा सोळा वर्षांची, शाळेत संस्कृतात पहिली, आणि त्या वर्षी पूजा मी सांगावी असे तुम्हीच म्हणाला होतात. तुम्ही झेंडूची राहिलेली फुले आणायला खाली उतरलात. मी मंत्र म्हणू लागले आणि मधेच थांबले. मला वाटले, मूर्तीची प्राणप्रतिष्ठा केल्याशिवाय तिची पूजा फळत नाही; मग या यंत्राचा प्राण कोणता? वीज. प्राणावाचून पडलेल्या लोखंडाला कुंकू वाहणे मला अशास्त्रीय वाटले. मी त्याची पिन भिंतीतल्या बोर्डात खुपसली, बोर्डाचे बटण दाबले, टोकाचे बिट पकडणाऱ्या चकाभोवती झेंडूची माळ दोन वेढे देऊन बांधली, पळीने पाणी शिंपडले, आणि कुंकू लावण्यासाठी ते उचलून मांडीवर घेतले.

बोट कुठे पडले ते मला कळले नाही. माळ गरगरली, पाकळ्या खोलीभर उडाल्या, दोरा माझ्या तर्जनीभोवती आवळत गेला आणि हात चकाकडे ओढला जाऊ लागला. दुसऱ्या हाताचे बोट मशीनच्या बटणावरच आवळून राहिले होते. मी ओरडले की नाही तेही मला आठवत नाही. आठवते ते एवढेच, की दारात बसून रांगोळी भरणारी धाकटी, बारा वर्षांची, माझ्याकडे धावली नाही. ती बोर्डाकडे धावली. तिने बटण पाडले, पिन खेचून काढली, आणि मग माझ्यापाशी आली.

तुम्ही आलात तेव्हा मशीन शांत होते आणि माझ्या बोटातून रक्त येत होते. तुम्ही दोरा कापलात, बोट पाण्याखाली धरलेत, हळद दाबलीत. मग धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "शाबास गं. आधी पिन काढलीस." आणि माझ्याकडे वळून म्हणालात, "तुझ्या हातात सदा पाणी असतं बाई. या हत्याराला पाणी चालत नाही. तू आपली पोथी सांभाळ."

एवढेच. मारले नाहीत, आवाजही चढवला नाहीत. पण त्या दिवसापासून रविवारी तुमच्याबरोबर पिशवी घेऊन धाकटी जाऊ लागली.

मशीन तुम्ही दोन दिवस उन्हात ठेवलेत, चालू करून पाहिले नाहीत. मग वर्तमानपत्र अंथरून ते उघडलेत. धाकटीपुढे वाटी होती, तीत स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने ठेवायचे. हवेच्या झरोक्यांत कुंकू जाऊन बसले होते. ते तुम्ही कोरड्या ब्रशने झाडायला तिला शिकवलेत. ओले फडके लावायचे नाही, रॉकेल तर नाहीच. मोटारीतले कार्बनचे ठोकळे झिजून आखूड झाले की आत ठिणग्या फार दिसतात, तेव्हा दोन्ही एकदम बदलायचे. वायरीवरून बोटे फिरवायची, पिनेपासून मुठीपर्यंत. कुठे चीर लागली तर तिच्यावर पट्टी गुंडाळून वेळ मारून न्यायची नाही, सबंध वायर बदलायची. पिनेचा जाड खिळा, अर्थिंगचा, कोणी कितीही सांगितले तरी मोडायचा नाही, कारण मशीनचे अंग लोखंडाचे आहे आणि आत वीज फिरली तर ती त्या खिळ्यानेच जमिनीत जाईल, नाहीतर आपल्या अंगातून जाईल. मी उंबऱ्यात बसले होते, बोटाला चिंधी, पुढ्यात पोथी. मुद्दाम मोठ्याने वाचत होते. तुम्ही एकदाही मान वर केली नाहीत. आणि चकची चावी! ती तुम्ही सुतळीने वायरीच्या अगदी पिनेजवळ बांधलीत. धाकटीने विचारले, "इतकी लांब का बांधायची अण्णा?" तुम्ही म्हणालात, "म्हणजे बिट बदलायला चावी हवी असेल, तर पिन काढल्याशिवाय ती चकापर्यंत पोचणारच नाही." ती खुदकन हसली. मीही उंबऱ्यात हसले असते. इतका सुंदर युक्तिवाद मला पुढे भाष्यग्रंथांतही क्वचित भेटला. पण तो माझ्यासाठी केलेला नव्हता.

मी पोथी सांभाळली, अण्णा. लोकांनी शाली पांघरवल्या, पाया पडले. तिने आयटीआय केले. वर्गात मुली अशा दोनच. आज तळवड्याला तिची स्वतःची शेड आहे, बारा माणसे कामाला आहेत, चाकणच्या कंपन्यांना ती लोखंडी ब्रॅकेट आणि पट्ट्या पुरवते. तुमच्या शेवटच्या आजारात तुम्ही मला बोलावलेत आणि म्हणालात, "काहीतरी वाच, बरं वाटतं." तिला बोलावलेत आणि म्हणालात, "खोलीतल्या टेबलफॅनची वायर जरा बघ गं, गरम होतेय." मला ऐकण्यासाठी बोलावलेत, तिला कामासाठी. कोणाला वाटेल, यात रुसण्यासारखे काय आहे? मला तीस वर्षे वाटत आले आहे, की भरवसा तुम्ही तिच्यावर ठेवलात आणि मला विसाव्यापुरते घेतलेत. तुमचे मशीन तिच्याकडेच गेले. तिने त्याचे कार्बन बदलले, वायर नवी घातली, आणि अजून ते चालते. मी ते बघायला म्हणून कधी तिच्या शेडमध्ये गेले नाही.

या वर्षी मी चऱ्होलीला नव्या घरात राहायला आले. चौथा मजला, खिडकीतून अजून थोडी शेते दिसतात. सागवानी देवघर करून घेतले, आणि ते भिंतीवर बसवायचे होते. सोसायटीचा माणूस दोन दिवस येतो म्हणाला आणि आला नाही. घटस्थापना दुसऱ्या दिवसावर आलेली. शेवटी तिला फोन केला. मोशीच्या चौकात तासभर अडकून ती आली, हातात पेटी, डोक्यावर कामाचा चष्मा. तुमच्यासारखीच दारातच चपला एका रेषेत काढून. मी तिला ईशान्येचा कोपरा दाखवला, बोर्डाच्या बरोबर वर, म्हणजे समईशेजारचा छोटा विजेचा दिवाही तिथेच लावता येईल.

ती बोर्डाकडे पाहत राहिली. "ताई, तिथं नाही मारायचं."

"शास्त्राप्रमाणे ईशान्यच हवी."

"ईशान्य देवाची, मान्य. पण बोर्डाची वायर भिंतीतून सरळ वर चढते. नेमकी तुझ्या देवाच्या पाठीमागून. बिट तिच्यात गेलं तर उद्या घट बसायचे राहतील आणि आपल्या दोघींचे फोटो लागतील."

"इतके अभद्र बोलू नये सणाच्या तोंडावर."

"अगं मग हातभर डावीकडे सरक की! ईशान्य काय तेवढ्यात संपते?"

संपत नव्हती. मी दिशा पुन्हा मोजली आणि पेन्सिल तिच्या हाती दिली. तिने पेन्सिलीने चार खुणा केल्या, पंचाने हलकेच टोचल्या, आणि पेटीतून मशीन काढले. नवे, प्लास्टिकच्या अंगाचे. तिने वायरीवरून बोटे फिरवली, पिनेपासून मुठीपर्यंत, आणि मला तुमचा हात दिसला. पन्नासहून अधिक वर्षे झाली, आणि तुमचा हात तिच्याच हातात होता. मग मी जे बोलले ते माझ्या वयाला शोभणारे नव्हते. मी म्हणाले, "एक भोक मी पाडणार."

ती हसेल असे वाटले होते. तिने माझ्याकडे नीट पाहिले, माझ्या तर्जनीकडेही. "बरं. पदर खोच. बांगड्या काढ. मंगळसूत्र आत घाल. हातमोजे शोधू नकोस, फिरत्या बिटात सगळ्यात आधी मोजाच अडकतो." आपला चष्मा तिने माझ्या डोळ्यांवर चढवला. "स्टुलावर चढायचं नाही, हात पोचेल तेवढ्याच उंचीवरचं तुझं. ही वायर खांद्यावरून मागं टाक, म्हणजे पुढं येणार नाही. आता पिन लावायच्या आधी मशीनचं बटण बघ. लॉक राहिलं असेल तर पिन लागताक्षणी हातात नाचायला लागेल."

बटण मोकळे होते. तिने पिन लावली. मी दोन्ही हातांनी मशीन धरले. मला वाटले होते त्याहून ते जड होते.

"श्वास सोड, ताई. आधी हळू. खड्डा पडू दे, मग वेग. दाबू नकोस, ते आपलं आपण जातं. आवाज बदलला की थांबायचं, अण्णा म्हणायचे."

अण्णा म्हणायचे! ते वाक्य तुम्ही मला कधी म्हणाला नव्हतात. भिंत थरथरली, लाल भुगा खाली मांडलेल्या कागदावर पडू लागला. मध्ये तिने मला बिट थोडे मागे घ्यायला लावले, भुगा बाहेर येऊ दे म्हणून. मग आवाज खरोखर बदलला, जरा पोकळ झाला, आणि मी थांबले. ती काही बोलण्याआधी थांबले. बिट फिरायचे पुरते थांबेपर्यंत तिने मला मशीन खाली ठेवू दिले नाही. मग पिन काढली. स्क्रू धरणारी गिट्टी भोकात अचूक बसली.

"सरळ आलंय गं," ती म्हणाली, आणि उरलेली तीन तिने माझ्या नामजपाची एक माळ होण्याच्या आत पाडून टाकली. काम संपल्यावर झरोके झाडले, वायर सैल गुंडाळली, मशीनला आवळून नाही, आणि कागद भुग्यासकट उचलला.

घटस्थापनेच्या संध्याकाळी सोसायटीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. धाकटी प्रसादाचे ताट फिरवत होती. समोरच्या घरातली लातूरकडची सूनबाई देवघर न्याहाळून म्हणाली, "किती पक्कं बसलंय ओ काकू! कुणाला बोलावलं होतं?"

"डावीकडचं खालचं भोक ताईनं पाडलंय," धाकटी ताटावरून म्हणाली.

"अगंबाई, खरंच? काकू, तुमी कुठं शिकलात हे?"

सगळ्या माझ्याकडे वळल्या. आणि अण्णा, प्रवचनाला बसल्यावर येतो तसा भरदार आवाज माझ्या गळ्यात आला. मी म्हणाले, "वडिलांनी शिकवले. लहानपणीच."

धाकटी माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. तिने मान वर केली. मी तिच्याकडे पाहू शकले नाही. मग ती ताट पुढे करत सूनबाईला म्हणाली, "मला तर नंतर शिकवलं. आधी ताईलाच."

ते तिला किती सहज देता आले! तिच्याजवळ इतके होते, की मूठभर काढून दिले तरी ढीग हलला नाही. त्या सढळपणाचाही मला हेवा वाटला, आणि तो आधीच्या सगळ्या हेव्यांहून कडू होता. बायका गेल्यावर ती भांडी विसळत होती, मी पुसत होते. सांगण्यासारखे पुष्कळ होते. मी तिला विचारले, "मोशीवरूनच जाशील ना?" ती म्हणाली, "हो." आणि गेली.

हे पत्र कुठे पाठवणार? तुमच्याकडे टपाल जात नाही, आणि जिच्याकडे ते पोचायला हवे ती तासाभराच्या अंतरावर असूनही तिला मी देणार नाही. एवढे मात्र तुम्हाला कबूल करते: मी खोटे बोलले याचे मला वाईट वाटते, पण ती "आधी ताईलाच" म्हणाली, तेव्हा क्षणभर माझा त्यावर विश्वास बसला होता. आणि तो क्षण मी अजून परत केलेला नाही.

चुकून हे कागद कोणाच्या हाती पडले, तर त्या वाचणाऱ्याचे दोन्ही हात शाबूत राहोत, त्याच्या घरचा दिवा न विझो, आणि ज्याच्या तोंडून शाबासकी ऐकायची आहे तो माणूस असेतोवर त्याला ती ऐकू येवो.

थोरली