बिनआवाजाचा कॉम्प्युटर

प्रिय तेजू,

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तुम्हाला मदरबोर्ड निवडायला महिनाभर वेळ मिळाला, आणि आईला नात बघायला यायला जमलं नाही." आणि फोन ठेवलास. फोन स्पीकरवर होता. आई शेजारीच बसली होती. ती उठून आत गेली आणि कोथिंबीर निवडत बसली. तेव्हापासून बाळाचे फोटो तू फक्त मला पाठवतेस. मी ते तिला दाखवतो. ती फोटो मोठा करत करत बाळाच्या कानाच्या पाळीपर्यंत जाते, बराच वेळ बघते आणि मोबाइल परत देते.

आत्ता ती दुपारची झोपलीय. मी तुझ्या खोलीत, त्याच नव्या कॉम्प्युटरवर बसून हे लिहितोय. आधी मदरबोर्डचंच सांगतो. बाकीचं सगळं त्याच्यातच आहे.

तुझा इंजिनिअरिंगच्या वेळचा कॉम्प्युटर तू गेल्यावर मी विजेची बिलं भरायला आणि बातम्या बघायला वापरत होतो. चालू केला की पिठाच्या गिरणीसारखा घुमायचा. मला त्याचं काही वाटत नव्हतं. पण यंदा उन्हाळ्यात आईला काही वाक्यं रेकॉर्ड करायची होती. रोज थोडी थोडी, स्वच्छ आवाजात, मागं काहीही ऐकू न येता. मी खिडक्या लावल्या, छताचा पंखा बंद केला, भिंतींवर गोधड्या टांगल्या. आई घामाघूम होऊन वाक्यं वाचायची. आठवड्याभरानं, ज्यांच्याकडं ती वाक्यं पाठवली त्या पुण्याच्या बाईंनी कळवलं की यातलं काहीच चालणार नाही, प्रत्येक वाक्याच्या मागं घुंऽ असा आवाज आहे. तो तुझ्या कॉम्प्युटरच्या पंख्यांचा होता, आणि त्याच्या जुन्या बोर्डावरच माइकच्या वायरीत आणखी एक बारीक गुणगुण मिसळत होती.

राजारामपुरीत विजयसिंहाचं दुकान आहे, माझ्या पाटबंधारे खात्यातल्या मित्राचा मुलगा. त्यानं विचारलं, "काका, गेम खेळायचं हाय काय?" मी म्हटलं, "नाही रे, आवाज नको, एवढंच." मग त्यानं समजावून सांगितलं. डबा तोच ठेवू, आतला बोर्ड बदलू, फिरणारी हार्डडिस्क काढून टाकू. बोर्ड दोन तऱ्हेचे होते. एकावर प्रोसेसर कायमचा चिकटवलेला, वर नुसती ॲल्युमिनियमची पाती, पंखाच नाही. अगदी मुका. पण तो आहे तसाच राहणार, पुढं त्यात काही वाढवता येणार नाही. दुसरा मोठा. त्यात प्रोसेसर वेगळा बसवायचा, त्यावर एक मोठा पंखा, जो काम हलकं असेल तेव्हा थांबूनच राहतो. जोडण्या भरपूर, आणि मागाहून जास्त ताकदीचा प्रोसेसर बसवता येतो.

मी विचारलं, "यातला कुठला घेऊ?" तो म्हणाला, "काका, ते तुमीच सांगा की. किती वर्सं वापरायचाय?"

तेजू, एवढा साधा प्रश्न. दुकानात गिऱ्हाइकं होती, कुणीतरी प्रिंटर दुरुस्तीला घेऊन आलं होतं. मी "बघून सांगतो" म्हणालो आणि बाहेर येऊन स्कूटरवर बसून राहिलो. नंतर कितीतरी दिवस मी त्या दुकानात जायचो, बोर्डांची खोकी हातात घ्यायचो, पाठीमागचं वाचायचो आणि परत ठेवायचो. तुला फोनवर सांगायचो की अजून निवडतोय. तो हाच महिना.

आईला नसांचा आजार झालाय. मेंदूकडून स्नायूंना निरोप नेणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. तिचा जिभेपासून सुरू झाला. पाडव्याच्या सुमाराला ती बोलताना अडखळायला लागली. आम्हाला वाटलं दाताची कवळी नीट बसत नसेल. मग चहा घेताना ठसका लागायला लागला. इथं दाखवलं, मग पुण्याला. डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं की यावर औषध नाही. आधी बोलणं जाईल, मग गिळणं, हातपाय, शेवटी श्वास. दोन वर्षं, कुणाला तीन, कुणाला त्याहून जास्त. तुझ्याकडं यायचा व्हिसा तोवर हातात आला होता. डिंक आणि खारीक आणून ठेवली होती.

तुला पाचव्या महिन्यापासून झोपून राहायला सांगितलं होतं. मागच्या वेळचं आपण सगळ्यांनी सोसलेलं. पुण्याहून परत येताना गाडीत आई म्हणाली, "तेजूला कळता कामा न्हाय. ती उठून विमानात बसंल." माझ्याकडून वचन घेतलं, आणि तुझ्याकडं न येण्याला गुडघ्याचं कारण तिनंच शोधलं. गुडघे तिचे चांगले आहेत. अजून गच्चीवर जाऊन वाळवण उलटं करून येते. फोनवर ती नुसतं हूं हूं करायची, तुला वाटायचं तिचं लक्ष नाही. दोन शब्दांच्या पुढं गेलं असतं तर तुला लगेच कळलं असतं.

तिचा आवाज. तू लहान असताना आपण तिच्या माहेराहून येत होतो. गडहिंग्लजच्या स्टँडवर मी पाण्याची बाटली भरायला उतरलो आणि गाडी सुटली. तुला आठवत नसेल. आईनं खिडकीतून अशी हाक मारली की आपली गाडी थांबलीच, शेजारून निघालेल्या चंदगडच्या गाडीनंही ब्रेक मारला. कंडक्टर मला म्हणाला, "पावणं, घरात शिट्टी लागत नसंल तुमाला." मी तेव्हा शरमलो होतो. लोकांत हळू बोल, असं मी तिला आयुष्यभर सांगत आलो.

पुण्याच्या त्या बाई स्पीच थेरपिस्ट आहेत. त्यांनी सांगितलं की आवाज आहे तोवर रेकॉर्ड करून ठेवा, त्यावरून कॉम्प्युटरला तिच्यासारखं बोलायला शिकवता येतं. पुढं ती टाइप करेल आणि तिच्याच आवाजात बोलणं बाहेर येईल. हात गेले तर नजरेनं अक्षरं निवडायचं यंत्रही जोडता येतं. म्हणून स्वच्छ रेकॉर्डिंग. म्हणून बिनआवाजाचा कॉम्प्युटर.

शेवटी मी आईलाच सांगितलं की असे असे दोन बोर्ड आहेत, आणि तो किती वर्षं म्हणून विचारतोय. ती चपात्या लाटत होती. थांबत थांबत, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "मोठा घ्या. मी गेल्यावर तुमाला हुईल की." आणि पुढची चपाती लाटायला घेतली. मी दुसऱ्या दिवशी मोठा बोर्ड घेऊन आलो.

विजयसिंह घरी येऊन बसवून गेला. चालू केल्यावर मला वाटलं बिघडला. डब्याला कान लावला तरी काही नाही. खोलीत इतकी शांतता झाली की आईचा श्वास ऐकू यायला लागला. त्याच दिवशी पहिली वाक्यं रेकॉर्ड केली आणि लावून ऐकली. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये पंख्याच्या घुंघुंखाली बरंच झाकलं जात होतं. आता सगळं उघडं झालं. कुठं जीभ वळत नाही, कुठं ती लाळ गिळायला थांबते, कुठं "र" चा नुसता वारा होतो. आम्ही दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. ती म्हणाली, "उद्या लवकर बसू. सकाळी बरं असतंय."

वाक्यं पुण्याहून लिहून आली होती. "मला पाणी हवे आहे." "आज हवा छान आहे." आई भडकली. "आसं कोण बोलतंय? माझी जीभ गेली तर गेली, दुसऱ्याची नको." मग बाईंना विचारून आम्ही आमची वाक्यं केली. "पाणी दे की जरा." "कुठं उलथला होता सकाळधरनं?" "भात खाल्लास का न्हाय?" तुझी हाकही आहे त्यात, रागाची वेगळी आणि लाडाची वेगळी. बाई म्हणाल्या हसणंही घ्या. पण सांगून तिला हसता येईना, आणि मला हसवता येईना.

गेल्या आठवड्यात, अडखळणं काढून टाकून, आवाज तयार होऊन आला. मी टाइप केलं आणि डब्यातून तुझी आई बोलली. आजाराआधीची, धडधाकट. शब्द अडखळत नव्हते. मी खोलीबाहेर गेलो. परत आलो तर तिनं स्वतः टाइप करायला सुरुवात केली होती. ती तुझ्यासाठी बोलणं तयार करत होती. बारशाच्या दिवशी मोबाइल कॉम्प्युटरसमोर धरायचा, कॅमेरा बंद ठेवायचा, आणि तू ऐकायचंस की आई ठणठणीत आहे. बाळ झाल्यावर मी म्हटलं होतं, आता तरी सांगूया. तिनं हातानं नाही म्हटलं आणि पाटीवर लिहिलं, "सव्वा महिना होऊ दे. ओली बाळंतीण हाय. दूध आटंल."

मी तिचं वचन मोडतोय, तेजू, आणि कारण एकच आहे. मशीनमधला आवाज राहणार आहे. तो तुला पुढं कधीही ऐकता येईल, तुझ्या मुलीलाही ऐकता येईल. पण सकाळी चहा झाल्यावर, थकायच्या आधी, आईला अजून दोन-चार शब्द स्वतःच्या तोंडानं बोलता येतात. रोज थोडे कमी होतात. सव्वा महिना होईपर्यंत ते असतील असं मला वाटत नाही. तुझ्याकडं तेव्हा दुपार असते. उद्या तिला फोन कर, व्हिडिओ लाव, बाळाला जवळ घे. ती उचलणार नाही, मी उचलून तिच्या हातात देईन. माझ्यावर चिडेल, चिडू दे. तुला नीट समजणार नाही ती काय म्हणते, परत विचारू नकोस. रडू आलं तर रड, पण फोन लगेच ठेवू नकोस. तिला बोलू दे.

तुझाच,
बाबा