अंगावरून जातंय

प्रिय धाकटे,

परवा फोनवर तू कुजबुजलीस, "ताई, अंगावरून जातंय." मी सर्वज्ञ! पांढरंच जात असणार, असं मीच ठरवलं. गेल्या महिन्यात मलाही तोच त्रास झाला होता. डॉक्टरीणबाईंनी आत लावायचं क्रीम सात दिवस सांगितलं होतं. चौथ्या दिवशी बरं वाटलं आणि मी स्वतःलाच सुट्टी दिली. उरलेली ट्यूब दागिन्यासारखी जपली आणि तुला कुरियरनं पाठवली.

आज आई म्हणाली, "अगं, तिला तिसरा महिना लागलाय. इतक्यात कुणाला सांगायचं नव्हतं."

लाल तर जात नव्हतं ना गं? आपल्या घरात रंग उच्चारायचीसुद्धा चोरी! ती ट्यूब लावू नकोस, आधी दवाखाना गाठ. पाकीट पोचल्याचा मेसेज आलाय आणि तू सकाळपासून फोन उचलत नाहीस.

पत्र पोचायला दोन दिवस लागतील. म्हणून ते इथंच टाकून तुझ्या नवऱ्याच्या ऑफिसात फोन लावतेय. पांढरं की लाल, ते त्यांनाच विचारणार आहे. ऐकू देत सगळ्या ऑफिसला.

तुझी अतिशहाणी,
ताई