चिवणीची गाभोळी

बुवापाडा, अंबरनाथ
ता. ८ ऑगस्ट २००४

चि. मैत्रेयी हिला दादाचा सप्रेम जयभीम.

इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड ठणठणीत आहे. तुला सातवा लागला, आता जिने चढउतार कमी कर. माझं अक्षर वेडंवाकडं आलंय म्हणून हसू नकोस, पेन खराब आहे.

चिठ्ठी तुझ्या वहिनीच्या हाती देतोय. फोन तुझ्या सासूबाई उचलतात आणि हे त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

मैत्रेयी, मी पाठवतो ती चिवणी आता खाऊ नकोस. फ्रीजमध्ये उरली असेल तर फेकून दे. मांजरालाही घालू नकोस.

कल्याणच्या बाजारातून आणतो म्हणालो होतो, ते खोटं होतं. आमच्या कंपनीचा नाला जिथे नदीला मिळतो तिथे मी दर आठवड्याला धरायचो. मासे इतके सुस्त, की जाळंसुद्धा लागायचं नाही, हातानेच उचलायचे. बहिणीचे डोहाळे पुरवायला नदीच मदत करतेय, असं वाटून मी खूश व्हायचो. मूर्ख मी.

परवा कंपनीच्या लॅबमधल्या शशिकांतसाहेबांना कौतुकाने टोपली दाखवली. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, "मिलिंद, त्या गाळात पारा आहे. तो मासळीत साठतो, शिजवून जात नाही. आईकडून पोटातल्या बाळापर्यंत पोचतो."

त्या नाल्यात पाणी सोडायचा व्हॉल्व्ह रोज मीच उघडतो. सहा वर्षं झाली. पाणीच तर आहे, असं समजायचो. काल पहिल्यांदा हात लावला नाही. नोकरीचं काय होईल ते होवो.

साहेब म्हणतात, केस तपासले की अंगात किती गेलाय ते कळतं. मानेजवळची एक बट अगदी मुळाशी कापून वहिनीकडे दे. पोटुशीच्या केसांना कात्री लागलेली सासूबाईंना चालणार नाही. त्यांना माझं नाव सांग, काय बोलायचं ते मला बोलू देत. तुझ्या डॉक्टरांना ही चिठ्ठीच दाखव. मला फार भीती वाटतेय गं.

पेन खराब नाही. दोन महिने झाले, हात थरथरतो. चिवणी मीही खाल्ली. पण पोटातली अंड्यांची गाभोळी तेवढी काढून तुझ्या डब्यात भरायचो, तुला आवडते म्हणून.

माझी बट पाकिटात घालून ठेवलीय. तुझी आल्याशिवाय पाकीट चिकटवणार नाही.

मामा म्हणवून घ्यायची आज हिंमत नाही, म्हणून नुसता
तुझा दादा,
मिलिंद